पुसलेली ओळ

फानियो काकांनी दोरी शानातच्या पोटासमोरून ताणली आणि खांबाला करकचून बांधली. पलीकडे शोभेच्या दारूचं काम करणारे पुरुष. अलीकडे बायका, पोरंसोरं आणि कणसंवाले.

"कास्तियोजवळ पोरी नकोत," काका म्हणाले. "दारू सादळते."

शानात हसली. मनातल्या मनात, पण अगदी मनापासून.

चर्चसमोर कास्तियो उभा होता, आतषबाजीचा मनोरा, चर्चच्या घंटेला टेकेल इतका उंच, अंगभर चक्रं आणि नळे लटकवलेला. गावातली घरंच्या घरं दारूकामावर जगतात, पण यंदा पहिल्यांदाच वातीला सिगारेट लागणार नव्हती. शानातने डबी बनवली होती. बटण दाबायचं, दहा सेकंदांत शांतपणे चालत लांब जायचं, मग डबीतून विजेचा एकच झटका सुटणार, तार तापणार, वात पेटणार. लांबलचक वायर टाकून दुरून पेटवणं काकांना मंजूर नव्हतं. पेटवणाऱ्याचा एक हात कास्तियोवर हवाच, हा गावचा रिवाज. म्हणून डबी कास्तियोच्या पायथ्यालाच बांधायची ठरली.

डबीतल्या चिपमध्ये एक घड्याळ असतं. ते भलतंच भरभर मोजतं, म्हणून त्याला सांगावं लागतं, बाबा रे, हळू. पण ते हट्टी. हा हुकूम ते पहिली मोजणी संपल्यावरच मानतं. त्यामुळे डबी चालू केल्यावरचा पहिला झटका बटण दाबताक्षणीच सुटतो. दुसऱ्यापासून बरोबर दहा सेकंद. या खोडीवर औषध फक्त एका ओळीचं. शानातने प्रोग्रॅममध्ये ती ओळ लिहिली होती. आणि मग पुसली होती.

मुद्दाम. परसात चाचणी असली की डबी ती स्वतः चालू करायची, तार न जोडता बटण एकदा दाबून घ्यायची आणि मगच काकांना म्हणायची, जोडा आता. का म्हणून विचारलं तर सांगायची, माझ्या हाताशिवाय ही जागी होत नाही. हिशेब सरळ होता. डबीला शानात लागणार, म्हणजे काकांना शानात लागणार, म्हणजे शानात दोरीच्या पलीकडे. तिथे आजवर एकही मुलगी उभी राहिली नव्हती.

आज काकांनी तो हिशेब एका फुंकरीत उडवला. डबीला उठवायला काय तोंडावर पाणी मारावं लागतं का, असं विचारून त्यांनी गड्यांना हसवलं आणि डबी काखेत मारून ते चालते झाले.

तिला अजूनही सांगता आलं असतं. पण नाही. उडू दे भडका. काका मांजरासारखे चपळ, उडी मारून बाजूला होतील, पण मेण लावून पीळ दिलेल्या त्या मिशा काही वाचायच्या नाहीत. सगळं गाव बघेल. पुढच्या वर्षी हाच माणूस दारात येऊन म्हणेल, शानात, बाळा, चल. या विचाराने तिला इतकं बरं वाटलं की तिने एक कणीस घेतलं आणि वर तिखट जास्तच भुरभुरून घेतलं.

अंधार पडला. काकांनी तार जोडली, डबी चालू केली, लाल दिवा लागला. मग त्यांनी फादरांच्या हातातला माइक ओढून घेतला.

"डबी आमच्या शानातची. ती बघा, नीट दिसावं म्हणून पुढेच उभी केलीय," ते म्हणाले. "तोरिबियो, ये रे. पळता येत नाही म्हणून इतकी वर्षं तुला लांब ठेवला. पोरीने तुला दहा सेकंद दिलेत. मान तुझा."

तोरिबियो म्हणजे शानातचे बाबा. दारूचं गोदाम उडालं तेव्हा त्यांचा एक पाय गुडघ्यापासून गेला होता. लाकडी पाय ओढत ते गर्दीतून पुढे आले. अंगात नवा शर्ट होता. सकाळपासून ते कशाला गुणगुणत होते ते तिला आत्ता कळलं.

बँड सुरू झाला. शानात कणीस टाकून दोरीखाली घुसली. बाबा, दाबू नका, दाबू नका, असं ती ओरडत राहिली. दोन गड्यांनी हसत हसत तिचे दंड धरले. त्या ढोलताशात बाबांपर्यंत एक अक्षर पोचलं नाही. त्यांना फक्त तिचे हलणारे ओठ आणि पांढरा पडलेला चेहरा दिसला.

पोरगी उगाच घाबरतेय असं वाटून त्यांनी तिला दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, मग एक हात कास्तियोवर ठेवला आणि वाकून बटण दाबलं.