पावणेअकराची भूक

पावणेअकराला कुमुदकाकूंना कडकडून भूक लागली. ती त्यांच्या नवऱ्याची, अण्णांची होती. ते गेल्यावर काकूंनी जेवणच टाकलं, तेव्हा लेकीने त्यांच्या पोटावर एक पट्टी लावून घेतली. अण्णा असताना टिपून ठेवलेली त्यांच्या जठराची लय ती पट्टी वाजवायची, आणि काकूंच्या मेंदूला भूक लागल्याचं कळायचं.

"डेपोतली पहिली पाळी अंगात मुरलेली," पट्टी तपासायला आलेल्या रेश्माला काकू सांगत होत्या. "मेल्यावरही वेळेचा पक्का माणूस. त्यांना भूक लागली, की मी बसते जेवायला."

रेश्माने पट्टी हलकेच सोलून यंत्राला लावली.

"काकू, ही तर दिवाळीतच बंद पडलीय! आता लागते ती भूक तुमची स्वतःची. छान झालं की!"

काकूंनी वाढलेल्या ताटाकडे पाहिलं.

"म्हणजे दिवाळीपासून मी एकटीच जेवतेय?"