थांबवा, दादा

औषधांचं दुकान मागे पडलं, तरी सिर्गाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

मार्श्रुत्का म्हणजे जेमतेम वीस माणसांची गाडी, तीत घंटी नसते. ज्याला उतरायचं त्यानं ओरडायचं, मग चालक थांबवतो. अख्खं बिश्केक शहर ओरडतं. शाळेतली पोरं ओरडतात, दात पडलेल्या म्हाताऱ्याही ओरडतात. सिर्गा तेवढी रसायनशास्त्राची पदवी घेऊन, खिडकीवर साचलेलं बर्फ नखानं खरवडत गप्प बसलेली.

वाक्य तिला पाठ होतं. सकाळी आरशासमोर दहा वेळा म्हणूनही झालं होतं. एरवी तिची एक सोय होती: दुसरं कुणी ओरडलं की त्याच्या मागोमाग उतरायचं आणि उरलेलं अंतर चालत यायचं. म्हणून ती कुठेही जायला तासभर आधी निघे. आज पुढच्या थांब्यावर एकजण उतरला खरा, पण मधे तिघे उभे होते. 'जरा सरका' म्हणावं लागलं असतं. तेही राहिलं.

शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली. चालकाचं नाव तुरात; पन्नाशीचा, कानावरून टोपी ओढलेला. त्यानं कागदातला खिमा भरलेला सामसा काढून एक घास घेतला आणि आरशात पाहिलं.

"उतर की पोरी. इथून पुढे नुसता डोंगर आहे."

"मला... औषधांच्या दुकानापाशी..."

"ते चार थांबे मागे गेलं! झोप लागली होती?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग ओरडली का नाहीस?"

आता याला काय सांगणार? रविवारी आईचा फोन आला होता, त्यानंतर चार दिवसांत ती कुणाशीही बोललेली नव्हती. घरमालकीण पहाटेच कामावर जाई. तिला आवडणारा पाव दुकानदाराच्या मागच्या फळीवर असे, तो मागावा लागे, म्हणून तिनं तो खाणंच सोडलं होतं. कॉलेजात निदान मैत्रिणी होत्या, त्या तिच्या वाटचंही बोलत. जूनमध्ये सगळ्या पांगल्या.

"आवाज येत नाही," ती म्हणाली. मग स्वतःच पुढे म्हणाली, "दहा वाजता मुलाखत आहे. पाण्याच्या प्रयोगशाळेत."

ही नोकरी तिनं निवडली होती, कारण बाटल्या बोलत नाहीत. ही मिळाली नाही तर शुक्रवारी वडील गाडी घेऊन येणार होते आणि तिची गादी-भांडी टपावर बांधून तिला गावी, नारिनला, परत नेणार होते. मागच्या आठवड्यात एका दुसऱ्या कचेरीच्या दारापर्यंत जाऊन ती तशीच परतली होती. हे वडिलांना ठाऊक नव्हतं.

तुरात हसला नाही. हसला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बस मग. परत तिकडूनच जायचंय मला. पण एक ऐकून ठेव, मी आपणहून थांबणार नाही. कुणी थांबवल्याशिवाय मी माझ्या सासूसाठीही थांबत नाही."

परतीच्या वाटेवर गाडी पुन्हा भरली. सिर्गाच्या शेजारी एक जाडजूड बाई आंबवलेल्या कोबीची बादली मांडीवर घेऊन बसली. सिर्गानं घड्याळ पाहिलं. दहाला दहा कमी. आता उलट चालत यायला वेळ नव्हता. तो थांबेल, तिनं मनाशी म्हटलं. माणसं असं बोलतात आणि शेवटी थांबतात.

औषधांच्या दुकानाची हिरवी पाटी दिसू लागली. तुरातनं आरशात पाहिलं. तिनंही पाहिलं. त्यानं गाडीचा वेग जरासुद्धा कमी केला नाही.

"थांबवा," ती म्हणाली.

बादलीवाली वळली. "काय गं?"

पाटी शेजारी आली. पाटी मागे गेली. सिर्गाला त्या माणसाचा भयंकर संताप आला. एवढी ती आजवर कुणावर चिडली नव्हती.

"थांबवा, दादा!"

गाडी कचकन थांबली. उभे असलेले एकमेकांवर आदळले आणि कोबीचं आंबट पाणी सिर्गाच्या बुटात गेलं.

"अगं ए, जीव घेशील की कुणाचा!" बादलीवाली ओरडली.

"आलं ऐकू," तुरात मागे न वळता म्हणाला. "मी इथंच बसलोय, पलीकडच्या गावात नाही."

ती उतरली. दार लागलं आणि गाडी गेलीसुद्धा. रस्त्याच्या कडेला ती बर्फात उभी राहिली. हे कुणाला तरी आत्ताच्या आत्ता सांगावं असं तिला फार वाटलं. तिनं फोन काढला. आईला सांगायचं तर आधी सगळंच सांगावं लागलं असतं. तिनं फोन परत खिशात ठेवला आणि चालू लागली. आज चालायचं होतं ते शंभर पावलंच.

प्रयोगशाळेच्या पुढच्या खोलीत टेबलामागे एक बाई काहीतरी लिहीत होती. भिंतीशी तीन उमेदवार गुडघ्यांवर फायली घेऊन बसले होते. सिर्गाच्या बुटाला कोबीचा वास येत होता.

"नाव?" बाईनं मान वर न करता विचारलं.

"सिर्गा!"

भरल्या गाडीत मागच्या बाकावरून चालकाला सांगावं, तसं. तिघांनी माना वर केल्या. बाईच्या हातातलं पेन थांबलं.

"ऐकू येतं मला," बाई म्हणाली. "आडनाव?"

सिर्गानं तेही तेवढ्याच मोठ्यानं सांगितलं.