कुणाच्या तरी पायात

डॉक्टरांनी पांढऱ्या भुकटीची इवलीशी कुपी कुमुदकाकूंना दाखवली. "तुमचं दाताखालचं हाड झिजलंय, काकू. तिथे ही भरू. कुणीतरी मरणोत्तर दिलेल्या हाडाची आहे."

काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. चार वर्षांपूर्वी अपघातात गेलेल्या मुलाची, निरंजनची हाडं द्यायच्या कागदावर त्यांनीच सही केली होती. "पोर अख्खं चितेवर जाऊ दिलं नाहीस," म्हणत काकांनी अबोला धरला, तेव्हा त्यांनीच समजूत घातली होती, "अहो, आपला निरंजन कुणाच्या तरी पायात असेल. चालत असेल." तेव्हापासून काका रस्त्यावरच्या माणसांचे पाय बघत बसायचे.

"परक्याचं हाड माझ्यात टिकेल?" काकूंनी विचारलं.

"टिकायची गरजच नाही," डॉक्टर हसून म्हणाले. "सहा महिन्यांत तुमचं शरीर ते हळूहळू खाऊन टाकतं आणि त्या जागी स्वतःचं हाड घडवतं. देणाऱ्याचं मागे काहीसुद्धा उरत नाही."

तासाभराने काकू बाहेर आल्या. काका बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय निरखत होते. "काय म्हणाले गं डॉक्टर?"

काकूंनी कापसाचा बोळा दाताखाली आणखी घट्ट दाबला आणि बोलता येत नाही, अशी हातानं खूण केली.