तीन नंबरचा उंट

"हा बघ, बसला पुन्हा," भागीदार इंजिनिअरला म्हणाला आणि त्यानं संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं.

सकाळपासून रेषा सरळ चालत आली होती. एक वाजता ती जराशी खाली वाकली, मग फुगत वर गेली, आणि दोननंतर हळूहळू उतरली. आधी वाकणं, मग कुबड. म्हणून कामगारांनी तिचं नाव उंट ठेवलं होतं.

बुटांच्या बंद पडलेल्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर ही शेती. मातीचा कण नाही, उन्हाचा कवडसा नाही. हवाबंद खोल्या, छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर दिव्यांच्या उजेडात वाढणारी सॅलडची पानं. शहराच्या पोटात पिकवायची आणि तासाभरात शहराच्या ताटात पोचवायची. सांगायला किती सोपं. पण आता बघा, देव जे न मोजता देतो ते ऊन, तो वारा, ते पाणी इथं माणसानं मोजून द्यायचं. माप चुकलं की पीक रुसलंच. तीन नंबरच्या खोलीत कापणीच्या दिवसाशिवाय कोणी पाऊल टाकत नसे, आणि तिथलाच कार्बन डायऑक्साइड रोज दुपारी एक ते दोन वाढत होता.

"सोमवारी गुंतवणूकदारांचा माणूस येतोय," भागीदार म्हणाला. "उंट दिसला की तो म्हणणार, यांना एक खोली सांभाळता येत नाही, इमारत काय सांभाळणार? मग कुलूप. चौदा माणसं घरी."

इंजिनिअरनं सिलिंडरचा व्हॉल्व्ह बदलला होता. सेन्सर दोनदा बदलला होता. दाराच्या कडांना नवं रबर स्वतःच्या हातानं बसवलं होतं. एक ते दोन ते दार कोणी उघडायचं नाही, असं त्यानं कामगारांना बजावलं होतं आणि स्वतःही पाळलं होतं. त्या वेळी सगळे खाली जेवायला जात. तो तेवढा तीन नंबरच्या काचेच्या दाराला पाठ करून पडद्यासमोर दबा धरून बसे.

"जेव रे आधी."

आई डबा घेऊन उभी होती. रोज एकच्या सुमाराला तीन जिने चढून, धापा टाकत यायची.

"ठेव तिथं. उंट सापडला की जेवतो."

"आणि त्या झाडांना बरा वेळेवर खायला घालतोस. काय घालतोस रे?"

"आपण श्वास सोडतो ना, त्यातला वायू. सिलिंडरमधून."

"म्हणजे आपलं उष्टंच की," आई हसली. "उष्ट्यावर ती एवढी हिरवीगार, आणि तू माझ्या हातचं ताजं खाऊन असा वाळलेला."

"आई, मागं उभी राहू नकोस ना. लक्ष लागत नाही माझं."

"नाही राहत, बाबा. रिकामा डबा तेवढा घेऊन जाते. देव करो आणि सापडो तुझा उंट. सापडला की मलाही दाखव."

डबा रिकामा होईपर्यंत ती कुठं थांबते, हे त्यानं कधी विचारलं नाही. असेल खाली, रखवालदाराशी बोलत. पंख्यांच्या घरघरीत पाठीमागचं काही ऐकूच यायचं नाही. पावणेदोनला पडद्यावरची नजर न काढता तो चार घास गिळायचा. दोननंतर कधीतरी बघावं, तर डबा उचललेला असायचा.

शुक्रवारी सकाळी आई उठलीच नाही. झोपेतच गेली. चहा गार झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

दोन आठवड्यांनी तो कामावर आला. भागीदारानं त्याला जवळ घेतलं. मग म्हणाला, "ही वेळ नाही, तरी सांगतो. त्या सोमवारी माणूस येऊन गेला. पास झालो आपण. उंट गेला रे. जाता जाता काय दुरुस्त केलंस?"

"काही नाही."

भागीदार चहा आणायला गेला. इंजिनिअरनं पडद्यावरचे दिवस एकेक करून मागं सरकवले. सरळ. सरळ. सरळ. शुक्रवार, सरळ. गुरुवारी उंट होता. कुबड यायच्या आधी रेषा जराशी वाकली होती. दार उघडून आतला वायू बाहेर निसटला की वाकते, तशी.

त्यानं खुर्ची वळवली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

आत, दोन मांडण्यांच्या मधे, पानं भरायचा एक क्रेट पालथा घातलेला होता. त्यावर त्याच्याच जुन्या शर्टाची नीट घडी होती, बसायला मऊ म्हणून. दार ओढून घेऊन तो त्या घडीवर बसला. खोली उबदार होती. दुखऱ्या गुडघ्यांना बरी वाटावी अशी. दोन्ही बाजूंची पानं हिरवीगार होती. त्यानं तोंडावर हात दाबला, तरी श्वास आवरेना.

कितीतरी वेळानं मान वर केली. तिथून काचेतून एकच गोष्ट दिसत होती, त्याच्या खुर्चीची पाठ. आता त्या खुर्चीत भागीदार येऊन बसला होता, चहाचे दोन पेले शेजारी ठेवून, पडद्यावर डोळे लावून.

खिशातला फोन वाजला.

"कुठं आहेस तू?" मागं न बघता भागीदार म्हणत होता. "लवकर ये. उंट परत आलाय."