मागचा उजवा कोपरा

मारिक्रूझने बटण दाबलं. चाकांपाशी स्प्रिंगऐवजी बसवलेल्या चारही रबरी बॅगांमधली हवा फुसकन सुटली आणि तिचा छोटा मझदा ट्रक आधी मागून, मग पुढून बसत बसत थेट फरशीला टेकला. चाकं पार आत गडप झाली.

चारही कोपऱ्यांखाली वर्तमानपत्राचं एकेक पान आधीच सरकवून ठेवलं होतं. गाड्या पार जमिनीला टेकतील अशा बनवणाऱ्या 'अल रास' क्लबचा बारा वर्षांचा नियमच तो: ट्रक बसला की पान ओढायचं. फाटलं तर ट्रक खरोखर जमिनीला टेकला. सबंध बाहेर आलं तर नाही टेकला, आणि मग मागच्या काचेत लावायला क्लबची पाटी नाही. आजवर ती सात जणांना मिळाली होती. सगळे बाप्ये, आणि आज सगळे इथेच हजर.

एलिसेओ, म्हणजे क्लबचा म्होरक्या आणि या गॅरेजचा मालक, फरशीवर पालथा पडला. पुढचं डावं पान टरकलं. पुढचं उजवं टरकलं. मागचं डावंही. मागचं उजवं मात्र अलगद बाहेर आलं. त्याने उठून ते सगळ्यांना दाखवलं. साधी चुणीसुद्धा पडली नव्हती.

"अरेरे," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, पण फार नाही.

"पोरी, आता तरी सांग, वेल्डिंग कुणाकडून करून घेतलंस?" मागून एक जण म्हणाला. "जा, पैसे परत माग त्याच्याकडून!" बाकीचे खिदळले.

मारिक्रूझचे कान तापले. ट्रकची मूळ चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, कापून तिने भंगारात घातली होती आणि चौकोनी पाइपांची नवी चासी चौदा महिने राबून स्वतःच्या हाताने जोडली होती. त्या हातांवर ठिणग्यांचे डाग होते, हवे त्याने बघावेत. तिने गाडीतून सपाटी बघायची पाणसळ काढली आणि त्या कोपऱ्यापाशी फरशीवर ठेवली. बुडबुडा सरळ एका टोकाला पळाला.

"फरशी खचलीय," ती म्हणाली. "या गटाराच्या जाळीपाशी."

आता तर हसण्याला ऊतच आला.

"याच फरशीवर सात ट्रक झालेत, बाई," एलिसेओ म्हणाला. "सातही टेकतात. तुझीच गाडी आली म्हणून खचली होय ती?"

"सातही इथेच झाले? चासी इथेच खाली ठेवून जोडल्या?"

"इथेच. मग काय आभाळात जोडणार?"

"मी मामाच्या अंगणात जोडली. दोन गर्डर टाकून, पाणसळ लावून." तिने बॅगांमध्ये हवा भरली, ट्रक वर उचलला आणि चावी फिरवली. "चला माझ्यामागे. समोरच्या काट्यावर."

रस्त्यापलीकडे संत्र्यांचं पॅकिंग हाऊस होतं. रविवार असल्याने बंद, पण तिथला ट्रक तोलायचा वजनकाटा तिचा मामा फेर्मीन सांभाळायचा आणि किल्ली त्याच्याकडेच असायची. जेवणावरून उठून, मक्याच्या पिठाचा अर्धा तमाले हातात घेऊनच तो फाटक उघडायला आला.

"काट्याची प्लेट सरळ आहे ना, मामा?" एलिसेओने विचारलं.

"महिन्याच्या महिन्याला तपासतात," मामा घास चावत म्हणाला. "केसभर जरी वाकडी निघाली ना, तरी संत्रेवाले संत्री ठेवतील बाजूला आणि मलाच सोलतील."

मारिक्रूझने प्लेटवर ट्रक घेतला. पानं ठेवली. बटण दाबलं. चुकली असेल तर आता सबब उरली नव्हती.

एलिसेओ पुन्हा पालथा पडला. एक टरकलं. दोन. तीन. मागचं उजवं त्याने दोन्ही हातांनी, दात आवळून ओढलं. अर्धं हातात आलं, अर्धं ट्रकखालीच राहिलं.

कुणी हसलं नाही. मारिक्रूझला मात्र नाचावंसं वाटत होतं. तिने कसाबसा चेहरा सरळ ठेवला.

"आता तुझा घे," ती म्हणाली.

नाही म्हणायची सोय एलिसेओला होती. त्याचा मान होता, गॅरेज त्याचं होतं, दुपारही कलली होती. पण त्याने आपला लाल ट्रक आणला, प्लेटवर बसवला आणि पानं ओढायला स्वतःच खाली पडला. तीन फाटली. मागचं डावं सबंध बाहेर आलं: खचलेल्या जागी जोडलेला उजवा कोपरा खाली लोंबत होता, म्हणून इथे सपाटीवर डावा उचलला गेला होता. बारा वर्षं तो ट्रक एका खचलेल्या फरशीच्या मापाने टेकत आला होता.

त्याने ते पान उलटसुलट करून पाहिलं. तेवढ्यात बाकीच्या सहा जणांना घरची कामं आठवली. एकाची सासू येणार होती, एकाची मांजर आजारी होती. सहाही ट्रक बॅगा फुगवून उंच झाले आणि काट्याकडे न बघता निघून गेले.

एलिसेओ उठला. खिशातून पेचकस काढून त्याने आपल्याच मागच्या काचेतली पाटी सोडवली, बाहीने पुसली आणि मारिक्रूझच्या हातात दिली.

"नवी करायला टाकतो," मारिक्रूझ ती गडबडून घेत असताना तो म्हणाला. "तोवर ही लाव. माझ्या काचेत आता शोभत नाही."

मग त्याने आपल्या ट्रकभोवती एक चक्कर मारली, मागच्या डाव्या कोपऱ्यापाशी थांबला आणि घसा खाकरला.

"तुझ्या मामाच्या अंगणातले ते गर्डर," तो म्हणाला, "अजून आहेत का गं?"

"आहेत." मारिक्रूझने सहा ट्रक गेले त्या रस्त्याकडे पाहिलं आणि आता मात्र ती मनमोकळं हसली. "पण नंबर आत्ताच लावून ठेव."