अस्वलानं नेलेला बर्फ

"कोनाले पटनार नाही वहिनी, पन बर्फाची लादी अस्वलानं नेली! लेकरू नेल्यासारखी छातीशी धरून," भैय्यालाल म्हणाला, आणि कुंताबाईच्या डोक्यावरचा तेंदूपानांचा भारा धपकन खाली आला.

नागझिऱ्यालगतच्या जंगलात पानं तोडायला डेरा टाकून त्यांना आठ दिवस झाले होते. संध्याकाळी नवा जावई पहिल्यांदाच डेऱ्यावर जेवायला येणार, म्हणून तिनं तलावातले मासे मागवले होते. मे महिन्याच्या उन्हात ते नासू नयेत म्हणून साकोलीहून बर्फ आणवला, खड्ड्यात धानाचा भुसा घालून दोन्ही पुरलं, आणि दिराला राखणीला बसवून ती सकाळीच रानात गेली होती. आता दुपारी खड्ड्यात नुसता भुसा आणि कोमट मासे. जावयापुढं नाक कापलं जायची पाळी आली.

"अन् मासे नाही खाल्ले अस्वलानं?"

"माळकरी असन."

"मंग बर्फ कायले नेला?"

"तेंदूची टेंभरं खाऊन खाऊन पोटात आग पडली असन बिचाऱ्याच्या."

कुंताबाईनं खड्ड्याभोवतीची माती निरखून पाहिली. अस्वलाचा एकही पाय उमटला नव्हता.

"तुमची आन, वहिनी! या डोळ्यानं पाह्यलं." शपथ घेतानाही भैय्यालाल आडवाच होता, डोक्याखालच्या गठुड्यावरून मान काही उचलेना.

कुंताबाई जवळ गेली, वाकली.

"भाऊजी, अस्वल लादी घेऊन गेलं, तर तुमच्या उशीतून पानी कायले गळून राहिलं?"