उघडा चाकू

आमच्याकडे, फ्रान्समधल्या ओब्राकच्या डोंगरात, घरातल्या कर्त्या माणसाने आपला चाकू मिटला की जेवण संपतं. त्याआधी कुणी उठत नाही.

आजोबांना नवे चाकू बघवत नाहीत. "काळं पातं, वर खिशाला अडकवायला चाप! खिसे फाटलेत का यांचे? आणि चीज कापायला जावं तर नुसता चुरा!"

आज मी स्वतः घडवलेला, नव्या घाटाचा पहिला चाकू त्यांच्या ताटलीशी ठेवला. त्यांनी त्यानेच पाव कापला, चीज कापलं, नासपतीची साल एकसलग उतरवली. शेवटी पावाच्या तुकड्याने पातं पुसलं आणि उघडा चाकू माझ्यापुढे सरकवला.

"तूच मिट, ओदिल. तोवर आम्ही कुणी उठत नाही."